मापारीणबाई

संध्याकाळी तळमजल्यावरच्या फोटोफ्रेमच्या दुकानाचं शटर खाली आलं की वरच्या घरात सगळे कान टवकारत. जिन्यात वडिलांची पावलं वाजू लागत, आणि त्या पावलांवरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे आईला कळे. पावलं सरळ पडली तर ती गॅसकडे वळे. अडखळली तर मुलीकडे बघे.

"जा गं, बस त्यांच्यासमोर."

पंधरा वर्षांची ती मुलगी पुस्तक मिटून उठे. कपाटाच्या वरच्या फळीवरून बाटली काढी आणि खणातून माप. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर रेघा असलेलं प्लास्टिकचं झाकण येतं ना, तेच हे माप. वडील खुर्ची ओढून बसत आणि हात जोडत.

"आल्या आमच्या मापारीणबाई! आज जरा सढळ हात ठेवा हं. मोठं काम उरकून आलोय."

"वरच्या रेघेपर्यंत. दोनदा. कालच्याएवढंच."

"अगं, धान्याचा दुकानदारसुद्धा वर मूठभर टाकतो!"

"तो धान्य विकतो, बाबा."

वडील मनापासून हसत. मुलगीही हसे. दोन मापं ओतून झाली की बाटली पुन्हा वर जाई आणि जेवणं होत. ताट आपटलं जात नसे, आवाज चढत नसे. शेजारणीने दार किलकिलं करून कानोसा घ्यावा असं काहीच उरलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय गोड बापलेक आहेत!

ही योजना आईची होती, आणि आईखेरीज कुणाला ती सुचलीही नसती. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असे. "आठवडाभर अख्खी, मग अर्धी, मग बंद," हे वाक्य दिवसातून कितीदा तरी तिच्या तोंडून जाई. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली तर हातपाय कापतात, झटके येतात, जिवावरही बेततं, हे तिला ठाऊक होतं. इथवर तिचं काहीच चुकलं नव्हतं. या ज्ञानापुढचं वाक्य 'म्हणून डॉक्टरांकडे चला' हे असायला हवं होतं. पण डॉक्टरांकडे जायचं म्हणजे चारचौघांत बोभाटा. झाकली मूठ सव्वा लाखाची! म्हणून ती स्वतःच डॉक्टर झाली आणि दारूलाही गोळीसारखं उतरत्या मात्रेवर आणायला निघाली. आठवड्याला एकच छोटी बाटली, ती संपली की दुसरी आणायची नाही, असं तिने नवऱ्याकडून वचन घेतलं. आणि या इस्पितळात परिचारिका म्हणून नेमलं आपल्या लेकीला.

"माझ्याशी भांडतात गं ते," ती मुलीला म्हणाली होती. "तुझ्यापुढे मात्र मान खाली घालतात. तू समोर असलीस की दोनवर थांबतात. तेवढं करशील ना घरासाठी?"

घरासाठी! असं कुणी म्हटल्यावर कुठली मुलगी नाही म्हणेल?

योजना चाललीसुद्धा. म्हणजे तसं दिसलं. आठवडा संपायच्या आतच बाटली रिकामी होई आणि वडील नवी मागत नसत. आईला वाटे, औषध लागू पडलं. बाप सुधारत असताना पोर मात्र का वाळत चालली आहे, हे दोन धागे जोडून बघायला तिला उसंत नव्हती. किंवा, खरं सांगायचं तर, हिंमत नव्हती.

*

त्या आठवड्यात शाळेतल्या खेळाच्या बाई औषधांच्या दुकानात आल्या. काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत त्या बाजूला थांबल्या.

"मी तुमच्या मुलीला व्हॉलीबॉल शिकवते. शनिवारी आमचा अंतिम सामना आहे, संध्याकाळी सहाला. ती म्हणते, येणार नाही, घरी काम असतं. संघात दुसरीच्या फटक्यासाठी चेंडू अलगद उचलून देणारी तीच एक आहे. तिच्या हातून सुटलेला चेंडू हवेत तरंगतो बघा! काय एवढं काम असतं घरी?"

"अभ्यास असतो," आई म्हणाली.

"अभ्यास? वर्गात ती बाकावर डोकं टेकून झोपते. मधल्या सुट्टीत पोट धरून बसते. डबा तसाच परत नेते. डॉक्टरांना दाखवलंत?"

"वयच असं असतं हो. पित्त झालंय तिला. मी देतेय गोळ्या."

"पण डॉक्टरांना?"

"बाई, मी दिवसभर औषधांच्या दुकानातच तर उभी असते!"

तेवढ्यात दार ढकलून मुलीची आत्या आत आली. ती वडिलांची थोरली बहीण. गाडी शिकवण्याचे वर्ग चालवायची, आणि अख्ख्या भागात तिचा आवाज तिच्या हॉर्नपेक्षा मोठा म्हणून प्रसिद्ध होता.

"वहिनी, गाडी लागल्यावरच्या गोळ्या दे. भरपूर दे! गाडी चालवतात माझे विद्यार्थी आणि मळमळतं मला. आज एकाने गिअर समजून माझी छत्री ओढली. बरं, काय झालं पोरीला? दारातून ऐकलं मी."

"काही नाही, ताई."

"हे 'काही नाही' मला चांगलं ओळखीचं आहे. भिंतीला गाडी घासली की माझे शिकाऊ हेच म्हणतात." आत्या बाईंकडे वळली. "शनिवारी सहाला ना? मी आणते तिला. माझ्याच गाडीने."

"नको!" आई एवढ्या जोरात म्हणाली की रांगेतल्या आजोबांनी दचकून चष्मा सावरला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे... संध्याकाळी घरी लागते ती."

"कशाला लागते?"

आई गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला लागली. मोजून झाल्या, तरी पुन्हा मोजल्या. आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं, गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि एरवीपेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीत म्हणाली, "शनिवारी येते मी."

*

शनिवारी दुकान लवकर बंद होई. आत्याची गाडी दारात थांबली ती तीन गचके खाऊन. स्टिअरिंगवर तिचा त्या वेळचा विद्यार्थी होता, कोपऱ्यावरचा शिंपी. त्याच्या कपाळावर घाम होता आणि दोन्ही हातांनी त्याने स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू ते कुणी पळवून नेणार होतं.

"शिंपीदादा, मी आत्ता येते. इंजिन चालू ठेवा."

"चालू राहिलं तर ठेवतो हो, ताई!"

आत्या जिना चढून वर आली. दार उघडंच होतं. टेबलाशी भाऊ बसला होता, डोळे जरा तांबारलेले. वहिनी ओट्याशी होती. आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला भाची बसली होती, अंगात संघाचा शर्ट, केस घट्ट बांधलेले, पायात खेळाचे बूट. समोर बाटली, तळाशी थोडी उरलेली. हातात औषधाचं झाकण.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, ताई," ओट्यापासून उत्तर आलं. "तुम्ही पाच मिनिटं बसा. ह्यांचं एवढं झालं की नेता येईल तिला."

"यांचं काय झालं की?"

आत्याने मुलीच्या हातातलं झाकण घेतलं, नाकाशी नेलं, आणि तिला सगळं समजलं. तिचा चेहरा असा झाला की भाऊ खुर्चीत सावरून बसला.

"ताई, उगाच राईचा पर्वत करू नकोस. मी कमी केलीय. मोजून घेतो. आणि पोरीला मी कुठे अडवलंय? जा की गं खेळायला! मी काय तान्हं बाळ आहे?"

मुलगी उठली नाही.

"बघ," आत्या म्हणाली. "तू जा म्हणतोस आणि ती हलत नाही. का हलत नाही, विचारलंस कधी? अरे, माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकाऊ चुकला की मी दाबते. ते माझं काम आहे. मोठी बाई आहे मी, त्याचेच पैसे घेते. तू तुझ्या गाडीचा दुसरा ब्रेक कुणाच्या पायाखाली दिलास? या पोरीच्या! आणि दुसरा ब्रेक आहे म्हटल्यावर स्टिअरिंगवरचा माणूस काय करतो ठाऊक आहे? स्वतःचा ब्रेक दाबायचाच सोडून देतो! रोज बघते मी. जरा काही आडवं आलं की सगळे माझ्याकडे बघतात."

"पण ताई, मी काय चुकीचं केलं?" आई ओट्यापासून पुढे आली. "एकदम बंद केली तर जीव जाईल ह्यांचा. मला माहीत आहे ते!"

"तुला एवढं माहीत आहे, तर ज्यांना त्याहून जास्त माहीत आहे त्यांच्याकडे का नाही नेलंस?"

"लोक काय म्हणतील..."

"लोकांना काही कळू नये म्हणून लेकीला गुत्त्यावर बसवलंस, वहिनी!"

फार कठोर शब्द होता तो. आईने पदराचं टोक तोंडावर दाबलं. वडील ताडकन उठले.

"पुरे! माझ्या घरात येऊन असलं बोलायचं नाही. आम्ही प्रेमाने करतो हे. दोनवर आहे मी, दोनवर! विचार हिला. सांग गं आत्याला."

"बाटली तुम्ही एकटेच संपवत नाही, बाबा," मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती टेबलाकडे बघत बोलत होती, भराभर, जणू थांबली तर पुन्हा बोलता येणार नव्हतं.

"आठवड्याला एकच बाटली. लवकर संपली की उरलेले दिवस कोरडे. म्हणून मला ती लवकर संपवायची होती. आधी मी पाणी घातलं, तर तुम्हाला चव कळली. मग मोरीत ओतली, तर आईला वास आला आणि तिला वाटलं तुम्हीच सांडलीत, आणि भांडण झालं. खिडकीतून ओतता येत नाही, खाली लोक असतात. मग कुठे ओतणार? मग मी..."

"मग तू काय?" आईने विचारलं.

"मग मी पिते. बाबा हात धुवायला जातात तेव्हा. रोज एक माप."

खाली गाडीचं इंजिन धापा टाकत होतं.

"घाण लागते," ती म्हणाली. "पोटात जळतं. पण मी ठरवलं होतं. जेवढी माझ्या पोटात जाईल, तेवढी तुमच्या पोटात तरी जाणार नाही ना! आणि रात्री मी जागी असते, तुमचा श्वास ऐकायला. एकदा तुम्ही झोपेत गुदमरला होतात. मी सामन्याला गेले आणि तुम्ही जास्त घेतलीत, तर? मग माझ्यामुळेच ना?"

"अगं माझ्या बाई!" आई धावली आणि मुलीचं डोकं तिने पोटाशी धरलं. "मी तुला पित्ताच्या गोळ्या देत होते! माझ्या हाताने! आणि विचारलंही नाही!"

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आपण सगळे हसत हसत वापरतो. त्या खोलीत त्या वेळी कुणालाही हसू आलं नसतं.

वडील वळले आणि जिन्याने खाली गेले. शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकू आला.

"गेले!" आई म्हणाली. "बघितलंत, ताई? कानावर हात ठेवून निघून गेले!"

पण पावलं परत आली. वडील दारात उभे होते आणि हातात लाकडाला लावायच्या पॉलिशचा डबा होता. त्यांनी तो टेबलावर, बाटलीच्या शेजारी ठेवला.

"हे पॉलिश नाही," ते म्हणाले.

आईने झाकण काढलं. वास घ्यायलाही खाली वाकावं लागलं नाही.

"दुकानात घेतो मी. दुपारपासून. रोज. इथली दोन मापं म्हणजे... नाटक होतं. बाटली संपली तरी मी मागत नसे, कारण मला गरजच नव्हती." ते मुलीसमोर खाली बसले, सरळ जमिनीवर. "बाळा, तू जे पोटात घेतलंस ना, त्याने माझी एक थेंबही कमी झाली नाही. एक थेंबसुद्धा नाही!"

आणि मग तो माणूस रडला. काचा कापणारा, लाकडाचे दोन कोपरे केसही आत जाणार नाही असे जुळवणारा तो कारागीर, ज्याच्या फ्रेमचे कोपरे गेलं वर्षभर उघडे पडत होते आणि गिऱ्हाइकं भिडेखातर बोलत नव्हती, तो लेकीच्या बुटांवर डोकं ठेवून हुंदके देत राहिला. मुलीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सवयच होती तिला.

"नाही!" आत्याने तो हात हळूच उचलला. "त्याला रडू दे. त्याला सांभाळणं हे तुझं काम नाही. आजपासून नाही. त्याला बहीण आहे, बायको आहे, गावात डॉक्टर आहेत. तू ऊठ!"

"ताई," वडील जमिनीवरूनच म्हणाले, "मला घेऊन चल. कुठे जायचं ते तू ठरव. मी येतो."

"उद्या सकाळी उठल्या उठल्या. तोवर माझ्या नजरेसमोर राहायचं. आणि एकदम बंद करायची शर्यतही आज लावायची नाही, वहिनी म्हणते ते खरं आहे, ते डॉक्टर सांगतील. आत्ता आपण सामन्याला जातोय. सगळे! खेळायचं की नाही ते बाई ठरवतील. पण ही पोर आज या टेबलाशी बसणार नाही!"

खालून हाक आली. "ताई! बंद पडली हो!"

*

त्या दिवशीचा तो प्रवास त्या कुटुंबातलं कुणीही विसरणार नाही. मागच्या बाकावर तिघं दाटीवाटीने, पुढे शिंपी आणि शेजारी आत्या.

"शिंपीदादा, दुसरा गिअर! दुसरा टाका!"

"टाका म्हटलं की माझा हात सुईकडे जातो, ताई!"

"सिग्नल लाल आहे!"

"दिसतोय! पण थांबलं की ही पुन्हा चालू होत नाही ना!"

चौकात गाडी बंद पडली. मागच्या बसने कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला. "अरे, तूही कधीतरी शिकलास की नाही?" आत्या खिडकीतून मान काढून बसवाल्यावर ओरडली, आणि मागच्या बाकावरून अचानक एक आवाज आला. मुलगी हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. टेबलाशी बसून हसायची तसं नव्हतं ते. शाळकरी पोरी हसतात तसं, आवर न घालता.

मैदानावर पोचले तेव्हा नेट ताणून झालं होतं. मुलगी धावत बाईंकडे गेली. तिने सगळं सांगितलं. बाईंनी ते उभ्यानेच ऐकलं, मग शिट्टी खिशात टाकून तिचे दोन्ही खांदे धरले.

"आज तू खेळायचं नाहीस."

"बाई! मी आज घेतली नाहीये, शपथ! मी खेळू शकते!"

"ठाऊक आहे मला. पण तू नीट जेवत नाहीस, झोपत नाहीस, आणि तुझ्या पोटाला काय झालंय ते अजून कुणी तपासलेलं नाही. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी तुझी जागा तुझीच. आज बाकावर बस. आणि घसा असेल तर वापर!"

तिच्या जागी एक ठेंगणी, घाबरट मुलगी उतरली. पहिले चार चेंडू तिने नेटमध्ये घातले. बाकावरची मुलगी ओठ चावत होती. पाचवा चेंडूही गेला, आणि तिला राहवलं नाही. ती उभी राहिली.

"ठेंगू! चेंडूकडे बघू नकोस, उंच पोरीकडे बघ! उंच दे! अजून उंच!"

ठेंगूने दिला. उंच मुलीने हवेतच असा तडाखा हाणला की समोरच्या तिघी जागच्या जागी थिजल्या. मैदान दणाणलं! मग एकामागून एक. एक डाव गेला, एक आला. तिसऱ्या डावात दोन्ही संघ गुणाला गुण लावून झुंजत होते. आत्या शिट्ट्या वाजवत होती. शिंपीदादा नियम काही कळत नसतानाही प्रत्येक चेंडूला उठून उभे राहत होते. आईचा घसा बसला होता. शेवटचा चेंडू ठेंगूच्या बोटांवरून असा तरंगत गेला की बघणाऱ्यांनी श्वास रोखला, आणि समोर कुणाचा हात पोचायच्या आत तो जमिनीवर आदळला.

"जिंकलो!" मुलगी धावत कुटुंबाकडे आली. "बाबा, जिंकलो! आई! मी नव्हते तरी जिंकलो! मी नव्हते तरी झालं!"

वडील पायरीवर एका टोकाला बसले होते. आपल्या तोंडाला वास येतो म्हणून ते लोकांपासून दूर बसले होते. ते लेकीच्या लालबुंद चेहऱ्याकडे बघत राहिले. ती इतकी लहान आहे, हे त्यांना कित्येक महिन्यांत दिसलंच नव्हतं.

"ताई," ते शेजारी आलेल्या बहिणीला म्हणाले, "तिला वाटत होतं, ती हलली तर सगळं कोसळेल."

"आणि तसं तिला कुणी शिकवलं?"

"आम्ही," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौघंही व्यसनमुक्तीचा वॉर्ड असलेल्या इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी मुलीला तपासलं. पोटाच्या अस्तराला सूज होती. वेळीच आलात, भरून येईल, त्या म्हणाल्या. मग त्यांनी मोठ्यांना आत बोलावलं.

"या वयात शरीर आणि मेंदू दोन्ही अजून घडत असतात. मोठ्या माणसाला जेवढी दारू क्षुल्लक वाटते, तेवढीही मुलांना महागात पडते. पण एक सांगू? हिने एक थेंबही घेतला नसता तरी ही आजारीच पडली असती. रोज संध्याकाळी भीतीने पोट आवळून बसायचं, रात्री जागून पहारा द्यायचा. हे कुठलं शरीर सहन करेल?" मग त्या वडिलांकडे वळल्या. "तुमच्यासाठी औषधं आहेत, खाटा आहेत, तुमच्यासारखी बरी झालेली माणसं आहेत. घरच्या घरी मोजून हे होत नसतं. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार करणं आमचं काम आहे. तुमच्या मुलीचं नाही."

आईने मान वर केली. "तिला मी बसवलं होतं, डॉक्टर. माझं चुकलं. मला वाटलं, घराचं नाव वाचवतेय."

"आता घर वाचवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्या बायकांची इथे दर आठवड्याला बैठक असते. तुम्हीही या."

वडिलांना दाखल करून घेतलं. वॉर्डच्या दाराशी मुलगी पिशवी घेऊन उभी राहिली.

"मी थांबू का इथे? रात्री कुणी तरी हवं ना बघायला?"

"इथे परिचारिका आहेत," वडील म्हणाले. त्यांनी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. हात कापत होता, तरी पिशवी त्यांनी स्वतःच धरली. "तू घरी जा. जेव. झोप. मला काय होतं, मी पितो की नाही, बरा होतो की नाही, यातलं काहीही तुझ्यामुळे होणार नाही. कळलं? माझी बाटली माझी होती. सोडायची तीही मीच. चुकलो तर पुन्हा इथेच येईन, तुझ्याकडे नाही."

ते एकदा चुकलेही. पुन्हा त्याच दारातून आत गेले. ती वाट सोपी नाही, आणि ती सोपी आहे असं सांगणारा माणूस एक तर अजाण असतो किंवा खोटारडा. पण त्या वेळी मुलगी शाळेत होती. त्या घरात संध्याकाळी आता कुणी कुणावर पहारा ठेवत नाही, आणि डबा रिकामा घरी येतो.

वाचकहो, असं घर तुमच्या गल्लीत असेल. कदाचित तुमच्याच भिंतीआड असेल. दारू एकच माणूस पितो, पण तिच्याभोवती अख्खं घर वाकतं, आणि सर्वांत जास्त वाकतं ते सर्वांत लहान हाड. समंजस, न रडणारं, घर सांभाळणारं मूल दिसलं की आपण कौतुक करतो. कौतुक करण्याआधी त्याला एकदा विचारा, "तुझं जेवण झालं का? झोप झाली का? कशाची भीती वाटते?" आणि उत्तर ऐकायला थांबा. घरात व्यसन असेल तर ते झाकू नका, डॉक्टरांकडे न्या, आजच न्या. उशीर झालेल्या घरांत नंतर कुणालाच काही विचारता येत नाही. प्रेम करणारी मुलं आपल्या आईबापांसाठी काहीही गिळायला तयार असतात! ती वेळ त्यांच्यावर येऊ न देणं, हे आपलं, मोठ्यांचं काम आहे.